आयव्हीएफचं यश: टक्के कशाचे?

आयव्हीएफचा, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या वंध्यत्वावरच्या उपचाराचा, विषय निघाला की हल्ली लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, हा सगळा बाजार आहे, पाचांतल्या चार जोडप्यांच्या हाती काहीच लागत नाही. दुसरी बाजू म्हणते, लाखो घरांत पाळणा हलला तो याच विज्ञानामुळे, आता तर दहांतल्या सहाजणींना यश येतं, आणि टीका करणाऱ्यांना मुळात विज्ञानच नको आहे. मग आकड्यांवर आकडे आदळत राहतात. पण हे २० टक्के आणि हे ६० टक्के नेमके कशाचे, हे कोणीच विचारत नाही. एकाच प्रयोगशाळेत, एकाच वर्षी, त्याच स्त्रियांवर झालेल्या उपचारांतून एकमेकांपासून इतके लांबचे आकडे काढता येतात, आणि ते सगळे खरे असतात. भांडण अंशावर चाललंय आणि घोटाळा छेदात आहे.

माझं म्हणणं असं. आयव्हीएफचं यश मोजायचं तर छेदात स्त्रीबीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू केलेली प्रत्येक स्त्री हवी आणि अंशात जिवंत जन्मलेलं मूल हवं. आणि मूळ उपचाराला जोडून विकली जाणारी कुठलीही जादा चाचणी किंवा प्रक्रिया या मापावर उतरत नसेल, तर तिचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. ती संशोधनात वापरावी, तीही फुकट आणि रुग्णाला तसं स्पष्ट सांगून.

छेद का बदलत जातो ते समजायला भ्रूणाची वाढ दिवसागणिक पाहावी लागते. काढलेल्या स्त्रीबीजांपैकी साधारण ८० टक्के परिपक्व निघतात. त्यांतल्या साधारण ७० टक्क्यांचं फलन होतं. शुक्राणूशी गाठ पडल्यावर १६ ते १८ तासांनी एम्ब्रियॉलॉजिस्ट (प्रयोगशाळेतला भ्रूणतज्ज्ञ) सूक्ष्मदर्शकाखाली बघतो ते दोन गोल केंद्रकं दिसतात का, एवढंच. तीन दिसली तर तो भ्रूण बाजूला जातो. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी सहा ते आठ. इथवरचा प्रवास बहुतांशी स्त्रीबीजाने सोबत आणलेल्या शिदोरीवर चालतो. भ्रूणाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात, हे केंब्रिजच्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. शिदोरी संपली आणि घरची चूल पेटलीच नाही, तर भ्रूण तिथेच थांबतो. तिसऱ्या दिवशी देखणा दिसणारा भ्रूण पाचव्या दिवशी तसाच निपचित का पडलेला असतो, याचं हे एक मोठं कारण. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट तयार होतो: मध्ये पोकळी, आतल्या अंगाला पेशींचा पुंजका (यातून बाळ घडतं) आणि बाहेर पातळ थर (यातून वार तयार होते). फलन झालेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहून थोडे कमी इथे पोचतात. पुढे रुजणं, बीटा एचसीजीची (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची) चाचणी, सोनोग्राफीत गर्भपिशवी, मग ठोके, मग नऊ महिने.

या प्रत्येक पायरीवर काहीजणी गळतात. समजा, १०० स्त्रियांनी सायकल, म्हणजे इंजेक्शनांपासूनची उपचाराची एक फेरी, सुरू केली. दहा जणींच्या अंडाशयांनी औषधांना नीट प्रतिसाद दिला नाही, सायकल रद्द झाली. उरलेल्या ९० जणींपैकी ७५ जणींपर्यंत एखादा तरी भ्रूण पोचला आणि प्रत्येकीच्या गर्भाशयात एकदा सोडला गेला (यालाच ट्रान्सफर म्हणतात). ३८ जणींची बीटा पॉझिटिव्ह आली, ३२ जणींना सोनोग्राफीत पिशवी दिसली आणि २६ मुलं जन्माला आली. आता यश किती? ‘ट्रान्सफरमागे पॉझिटिव्ह’ म्हटलं तर ५१ टक्के. ‘ट्रान्सफरमागे क्लिनिकल प्रेग्नन्सी’ म्हटलं तर ४३. ट्रान्सफरमागे जन्म म्हटलं तर ३५. सुरू केलेल्या सायकलमागे जन्म म्हटलं तर २६. त्यात तरुण दात्रीची स्त्रीबीजं वापरलेल्या सायकली मिसळल्या की आकडा आणखी फुगतो, कारण यश गर्भाशयाच्या वयापेक्षा स्त्रीबीजाच्या वयावर जास्त अवलंबून असतं. कोणी खोटं बोललेलं नाही. पण औषधं सुरू करायच्या आदल्या दिवशी समोर बसलेल्या जोडप्याला यांतला एकच आकडा उपयोगाचा आहे, आणि नेमका तोच जाहिरातीत क्वचित दिसतो.

आता याच १०० जणींच्या भ्रूणांची गुणसूत्रं ट्रान्सफरआधी तपासली, म्हणजे पीजीटी-ए केलं असं धरू. काही भ्रूण ‘असामान्य’ ठरून बाद होतात, त्यामुळे ७५ ऐवजी ४५ जणींचीच ट्रान्सफर होते. त्यांतून २४ मुलं होतात. ट्रान्सफरमागे जन्माचा दर ३५ वरून ५३ टक्क्यांवर उडी घेतो. फलकावर लावावा असाच आकडा! पण मुलं दोन कमी झाली. ज्या ३० जणींची ट्रान्सफरच झाली नाही, त्या छेदातून नाहीशा झाल्या. हे आकडे मी समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांचा कल कल्पनेतला नाही. २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चीनमधली चाचणी प्रसिद्ध झाली. २० ते ३७ वयाच्या, किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट हाती असलेल्या १,२१२ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली होती. भ्रूणांची तपासणी झालेल्या गटात एकूण जन्मांचं प्रमाण ७७.२ टक्के, नुसतं दिसण्यावरून भ्रूण निवडलेल्या गटात ८१.८ टक्के. त्याआधी, २००७ मध्ये, याच नियतकालिकात नेदरलँड्समधली चाचणी आली होती. तेव्हाची पद्धत तिसऱ्या दिवशीच्या भ्रूणातली पेशी काढून मोजकीच गुणसूत्रं बघण्याची. ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रियांत तपासणी झालेल्यांमध्ये जन्म २४ टक्के, न झालेल्यांमध्ये ३५. वय जास्त असलेल्यांना मदत व्हावी म्हणून आणलेल्या तंत्राने त्यांचंच नुकसान केलं होतं.

असं का व्हावं? कारण निवड म्हणजे सुधारणा नव्हे. टोपलीतलं बियाणं कितीही काळजीने निवडलं, तरी टोपलीत उगवणक्षम दाणे जेवढे आहेत तेवढेच राहतात. सगळे भ्रूण एकामागून एक वापरायचेच असतील, तर उत्तमातली उत्तम निवड फार तर योग्य भ्रूण लवकर हाती देईल. मुलांची एकूण संख्या ती वाढवू शकत नाही. आणि निवडीत चूक झाली, उगवणारा दाणा फेकला गेला, तर संख्या घटते. हे साधं गणित आहे, पण उपचारांच्या चर्चेत ते कुठेच ऐकू येत नाही.

चूक कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. ब्लास्टोसिस्ट एका बारीक काचनळीने धरून ठेवतात. लेझरने त्याच्या कवचाला छिद्र पाडतात, दुसऱ्या नळीने बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी हलके ओढून घेतात आणि लेझरच्या दोन-चार ठिणग्यांनी तोडतात. त्या पेशी इवल्याशा ट्यूबमध्ये जातात, भ्रूण गोठवला जातो. एका पेशीत सुमारे सहा पिकोग्रॅम डीएनए असतं, म्हणजे पाच पेशींत तीस. एवढ्याशा मालाच्या लाखो प्रती करून मग मोजणी. ओढताना पेशी फुटली, ट्यूबमध्ये काहीच उतरलं नाही किंवा बाहेरचं डीएनए मिसळलं, तर निकाल लागत नाही किंवा चुकीचा लागतो. सगळं नीट पार पडलं तरी मूळ अडचण राहतेच: पेशी घेतल्या जातात वारेच्या थरातून, आणि त्यावरून निर्णय होतो बाळाचा. ब्लास्टोसिस्टमधल्या सगळ्याच पेशींची गुणसूत्रं सारखी असतील असं नाही. काही सरळ, काही बिघडलेल्या, असा मिश्र म्हणजे मोझेइक भ्रूण निसर्गात सर्रास आढळतो. पाच पेशींत दोन बिघडलेल्या निघाल्या तर भ्रूणाला काय म्हणायचं? २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दुसरा कुठलाच भ्रूण न उरलेल्या १८ स्त्रियांच्या गर्भाशयात असे मोझेइक भ्रूण सोडले. सहा निरोगी मुलं जन्मली. त्याआधी जगभर असे किती भ्रूण कचऱ्यात गेले असतील?

इथे एक फरक जपायला हवा, नाहीतर अन्याय होईल. आईवडील दोघंही थॅलसेमियाचे वाहक असतील, किंवा एकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली असेल, तेव्हा त्या ठरावीक दोषासाठी भ्रूण तपासणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रश्न नेमका असतो आणि उत्तरावरून आजार टळतो. माझा आक्षेप सरसकट सगळ्यांच्या भ्रूणांची चाळण लावण्याला आहे.

समोरच्या बाजूचे मुद्देही पोकळ नाहीत. पीजीटी-एच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा गर्भपाताचा. चीनच्याच त्या चाचणीत गर्भ गळण्याचं प्रमाण १२.६ टक्क्यांवरून ८.७ टक्क्यांवर आलं. जिने दोन-तीनदा गर्भपात सोसलाय तिच्यासाठी शंभरातले चार कमी होणं ही मोठी गोष्ट आहे, आणि कदाचित त्यासाठी ती थोडी कमी शक्यताही पत्करेल. तो तिचा हक्क आहे. पण तिच्यासमोर दोन्ही आकडे ठेवले तरच तो हक्क बजावता येतो. ‘यशाचं प्रमाण वाढतं’ असं सांगून हा सौदा गळ्यात मारला, तर ती निवड तिची राहत नाही. आणि चाळिशीजवळच्या जिच्या हाती दोनच भ्रूण आहेत, तिच्या बाबतीत एक भ्रूण चुकून बाद होणं म्हणजे निम्मी पुंजी जाणं.

दुसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो: आयव्हीएफ तरी कुठे चाचण्या करून आलं? २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये आयव्हीएफने झालेलं जगातलं पहिलं मूल, लुईस ब्राउन, जन्मलं, त्याआधी हे तंत्र घडवणाऱ्या रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांना सरकारी संशोधन संस्थेने पैसे नाकारले होते. पुराव्याचा आग्रह धरला असता तर ते मूल जन्मलंच नसतं, असं सांगितलं जातं. पण त्या जन्माचा पुरावा कशामुळे पटला? आईच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. उपचाराशिवाय शक्यता जवळजवळ शून्य. शून्याच्या शेजारी एकही मूल ठेवलं तरी फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आजच्या जादा चाचण्यांचा दावा मात्र ३० टक्क्यांचे ३५ होतील, असा असतो. एवढा फरक खात्रीने ओळखायला प्रत्येक गटात सुमारे १,४०० स्त्रिया लागतात. ‘माझ्या अनुभवात फरक पडतो’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. वर्षाला दोनशे सायकली करणाऱ्या कोणालाही हा फरक अनुभवातून दिसूच शकत नाही, एवढंच.

गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याची गोष्ट याच जातीची. २००३ मध्ये १३४ स्त्रियांच्या एका अभ्यासात आदल्या मासिक चक्रात अस्तराची बायोप्सी केलेल्यांमध्ये जन्माचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. कारणही पटण्याजोगं होतं: जखम भरताना अस्तर भ्रूणाला जास्त अनुकूल होत असेल. क्रिया दहा मिनिटांची, महागडं यंत्र नको. बघता बघता ती जगभर पसरली. पुढे १,३६४ स्त्रियांची मोठी चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. खरवडलेल्यांमध्ये जन्म २६.१ टक्के, न खरवडलेल्यांमध्येही २६.१ टक्के. मधल्या सोळा वर्षांत किती जणींनी ती कळ सोसली असेल, पैसे मोजले असतील आणि मूल झालं नाही तेव्हा स्वतःलाच बोल लावला असेल? टाइम-लॅप्स इनक्यूबेटरचंही तसंच. दर काही मिनिटांनी भ्रूणाचा फोटो काढणारं हे यंत्र संशोधनाला फार उपयोगी आहे. पेशी कधी आणि कशी विभागते याबद्दल बरंच काही त्यानेच शिकवलं. पण १,५७५ स्त्रियांच्या चाचणीचा २०२४ मध्ये आलेला निकाल सांगतो की त्याने जन्म वाढत नाहीत. यंत्र प्रयोगशाळेने खुशाल ठेवावं, बिलात त्याची वेगळी ओळ कशाला?

‘फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना!’ हे वाक्य या चर्चेत सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि ते सगळ्यात घातक आहे. प्रसूतिशास्त्राने याची किंमत एकदा मोजली आहे. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये तयार झालं आणि पुढच्या दशकात गर्भपात टाळायला सर्रास दिलं जाऊ लागलं. तर्क सरळ होता, डॉक्टरांचा अनुभव चांगला होता, घाबरलेल्या स्त्रिया स्वतःहून मागत होत्या. १९५३ मध्ये शिकागोत नीट तुलना करून चाचणी झाली. उपयोग काहीच नाही, असं दिसलं. तरी गोळ्या चालूच राहिल्या, कारण तोटा कुठे दिसत होता? तो १९७१ मध्ये दिसला, पोटात असताना ज्यांच्या आयांनी त्या घेतल्या होत्या त्या मुलींमध्ये, योनिमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगाच्या रूपात. भ्रूणाच्या अवतीभोवती जे काही केलं जातं त्याचा हिशोब वीस वर्षांनी, ज्याला कोणी विचारलंच नव्हतं अशा तिसऱ्याच माणसाच्या अंगावर येऊ शकतो. अस्तर खरवडणं म्हणजे डीईएस नव्हे, हे मलाही कळतं. पण ‘तोटा नाही’ हे म्हणायलाही चाचणीच लागते.

मग वेळेचं काय? ३९ वर्षांच्या स्त्रीने पुराव्याची वाट बघत बसायचं का? हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो, कारण तिची घाई खरी आहे. पण म्हणूनच तिची दिशाभूल होता कामा नये. अस्तर खरवडायचं म्हणून ट्रान्सफर एक महिना पुढे, तपासणीसाठी सगळे भ्रूण गोठवून निकालाची वाट बघायची म्हणून आणखी एखादा महिना, आणि या सगळ्यावर खर्च झालेल्या पैशांत दुसरी सायकल बसली असती ती हातची गेलेली. तिच्या बाबतीत निकाल फिरवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: आणखी एकदा स्त्रीबीजं काढणं, तेही लवकर.

गेल्या चाळीसेक वर्षांत निकाल खरंच सुधारले आहेत, हे टीकाकारांनी मान्य करायला हवं. पण ते कशाने सुधारले? बरंचसं श्रेय जाहिरातीत न शोभणाऱ्या कामाला आहे. भ्रूण ज्या थेंबात वाढतो त्याचं तापमान ३७ अंश, सामू (पीएच) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान, आणि तो तसा राहावा म्हणून इनक्यूबेटरमध्ये सुमारे ६ टक्के कार्बन डायऑक्साइड. हवेतल्या २० टक्के ऑक्सिजनऐवजी ५ टक्के, कारण गर्भनलिकेतही तो कमीच असतो. दार उघडं राहिलं की काही मिनिटांत सामू चढायला लागतो, म्हणून थेंबावर तेलाचा थर आणि बाहेर घालवलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब. नव्याने दिलेल्या रंगाची, फिनाइलची वाफ भ्रूणाला सोसत नाही, म्हणून हवेची गाळणी. सावकाश गोठवण्याऐवजी क्षणात काचेसारखं गोठवण्याचं तंत्र आलं आणि भ्रूण वितळल्यावर जगू लागले. या सगळ्याने टोपलीतले उगवणारे दाणे वाचतात. एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा नियमही असाच कष्टाने आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत, ३६ पेक्षा कमी वयाच्या ६६१ स्त्रियांत, दोन भ्रूण एकदम सोडले तेव्हा जन्म ४२.९ टक्के, एक सोडून नंतर लागला तर दुसरा गोठवलेला सोडला तेव्हा ३८.८. मात्र जुळ्यांचं प्रमाण ३३.१ टक्क्यांवरून ०.८ वर. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सौद्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सुरू केलेल्या सायकलीमागे जन्म असे आकडे जाहीर करायला लावले, तर केंद्रं अवघड रुग्णांना दारातूनच परत पाठवतील, ही शेवटची हरकत खरी आहे. वय जास्त, स्त्रीबीजं कमी अशा स्त्रीला घेतलं की सरासरी घसरते. म्हणून एकच आकडा मागणं चूक ठरेल. वयोगटानुसार, स्वतःची स्त्रीबीजं की दात्रीची हे वेगळं काढून, किती सायकली सुरू झाल्या, किती रद्द झाल्या, किती जणींपर्यंत भ्रूण पोचला आणि वर्षअखेर किती मुलं जन्मली, हे चार रकाने पुरेत. हा हिशोब प्रत्येक केंद्राकडे असतोच.

तपासणी करायचीच असं ठरलं असेल, तर संमतिपत्रात एक ओळ आधीच घालून घ्यावी. सगळ्या पेशींत पूर्ण गुणसूत्राचा बिघाड दिसला तर गोष्ट वेगळी. पण अहवालात ‘मोझेइक’ लिहिलेले, किंवा निकालच न लागलेले भ्रूण जोडप्याच्या सहीशिवाय टाकायचे नाहीत. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, ते वर्षानुवर्षं टिकतात. पहिली ट्रान्सफर फसली तर त्यांच्याबद्दल पुन्हा बोलणी करता येतील, आणि तोवर त्यांना टाकीतच राहू द्यावं.